दोघींत एक गोळी

'काही सापडलं नाही' असं सांगितल्यावर पेढे वाटणारा माणूस मी पाहिला आहे. रामनगरचा किराणा दुकानदार होता, फुप्फुसाचा कॅन्सर झालेला. त्याच्या गाठीचा तुकडा मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये पाठवला होता. रिपोर्ट आला तो असा, की गोळीने आवरता येईल असा कुठलाच दोष गाठीत नाही. आमच्या लेखी ही वाईट बातमी. त्याने मात्र 'कायबी न्हाई' एवढंच धरलं, तरातरा खाली गेला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन वर आला. पहिला पेढा मलाच भरवला. तोंडात त्याचाच पेढा असताना त्याला खरं कसं सांगायचं, हे आम्हाला नर्सिंगच्या कोर्सात कुणी शिकवलं नव्हतं.

नोकरी माझी बेळगावात, एका दवाखान्याच्या कॅन्सर विभागात गेली. घर रामनगरला, मूळ खानापूरकडचं. मराठी, कन्नड, कोंकणी तिन्ही येतात, म्हणून शेवटची काही वर्षं मला वॉर्डातून उचलून एका टेबलामागे बसवलं. काम एकच, रिपोर्ट समजावून सांगणं. जोयडा, हल्याळ, खानापूर तिकडचा पेशंट आला की डॉक्टर मॅडम म्हणायच्या, "सिस्टरकडे जा, त्या नीट सांगतील." मॅडम धारवाडच्या, अतिशय हुशार, पण त्यांनी नीट सांगितलेलं मलाच कधी कधी कळायचं नाही. मी स्वभावाने चिडकी. तरी त्या टेबलावर बसून माझा आवाज बराच खाली आला होता, असं आमचे लोक म्हणतात.

या तपासणीचं बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते. पूर्वी कॅन्सरला औषध म्हणजे सलाईनमधून देतात ते, केस जातात ते. ते अजून आहेच. पण आता काही गाठींसाठी गोळ्या निघाल्या आहेत, आणि कुणाला गोळी लागू पडेल हे गाठीची जनुकं तपासून ठरवतात. मी पंपाचं उदाहरण द्यायची. आमच्याकडे विहिरीवरच्या पंपाची कळ कधी कधी चालूवरच अडकते, आणि पाणी सगळ्या बागेत होतं. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारी अशी एक कळ असते. काहींच्या गाठीत ती अडकलेली सापडते. अडकलेली असेल तर ती बंद करणारी गोळी आहे, घरी बसून रोज एक. कळ धड असेल तर पाणी दुसरीकडून येतंय, गोळी खाऊन काही होणार नाही, सलाईनच घ्यायला हवं. एवढंच. म्हणून आमच्या टेबलावर दोष सापडला की मी हसायची आणि समोरचे रडायचे, आणि नाही सापडला की उलटं व्हायचं.

हे सगळं मला चांगलं समजतं अशी माझी समजूत होती. जोयड्याकडच्या गुंद गावच्या दोघी बहिणी भेटेपर्यंत.

थोरली जानकी, धाकटी भागी. एकाच घरात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या, म्हणजे बहिणीही आणि जावाही. भागी तिला अक्का म्हणायची, म्हणून आमचा सगळा विभागच तिला अक्का म्हणायला लागला. अक्का भागीला तंगी म्हणायची. धाकट्या बहिणीला आमच्याकडे कानडीतून आलेलं हे नाव पुष्कळ घरांत आहे. घर भाताचं, बाकी रानातली कामं. दोघींनी तंबाखू कधी ओढली नाही, खाल्लीही नाही.

आधी अक्का आजारी पडली, फुप्फुसाचाच कॅन्सर. तिला खुर्चीत बसवून आणली तेव्हा दोन शब्द बोलली की दम लागायचा. तिचा तुकडा गेला, रिपोर्ट आला, कळ अडकलेली सापडली. मी "सापडला हो दोष" म्हणाले तर तिचा नवरा टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला.

"आमच्या घराण्यात असलं कायबी न्हवतं, सिस्टर. कुणाचं काय चुकलं?"

"कुणाचं काही चुकलं नाही, मामा. चांगली बातमी आहे. रडू नका, औषध आहे याच्यावर."

त्यांचा विश्वास बसला नाही, पण अक्का गोळ्या घेऊन गेली. आणि पुढच्या खेपेला चालत आली. त्याच्या पुढच्या खेपेला तर पिशवीतून कोनफळं घेऊन आली, स्वतः खणलेली. तिच्या नाकावर, गालांवर मुरमं उठली होती. या गोळीने उठतात.

"सिस्टर, ह्या वयात मुरमं? गावात बाया हसाय लागल्यात की, जानकीला परत लगीन करायचं हाय म्हणून."

"हसू दे त्यांना. मुरमं आली म्हणजे औषध लागतंय म्हणायचं."

हे मी सगळ्यांनाच सांगायची. मॅडमही सांगायच्या. त्यात खोटं काही नव्हतं.

मग भागीला खोकला सुरू झाला. घरच्यांनी वेळ घालवला नाही, लगेच घेऊन आले. फुप्फुसात गाठ, बाजूने पाणी साठलेलं. पाणी काढलं, तुकडा काढला, पाठवला. रिपोर्ट यायच्या आधीच सगळे निश्चिंत होते. अक्काला जे झालं तेच, अक्काला जी गोळी तीच. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. तसं वाटायला शास्त्रात काही आधार नाही हे ठाऊक असून वाटत होतं.

भागीच्या रिपोर्टात काही सापडलं नाही.

दोघी समोर बसल्या होत्या. भागी गप्प, तिचा स्वभावच तसा. अक्का बोलली.

"एका पोटातनं आलाव. एका घरात दिलं. एका चुलीवरचं खातो. मग हिचं येगळं कसं येतंय? तुकडं बदललं असतील बघा."

"तुकडे बदलत नाहीत, अक्का. हा दोष आईच्या पोटातून येत नाही. तो गाठीतच तयार होतो. तुझी गाठ वेगळी, हिची वेगळी."

"मग गाठ कुठनं आली?"

चुलीचा धूर, आणखी काही, आणखी काही, असं मी पुटपुटले. तिने माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. भागीला सलाईन घ्यायला सांगितलं, तर ती म्हणाली, "कापणी होऊ दे." कापणी झाली की मळणी, मळणी झाली की कुणाचं तरी लग्न. सलाईन पुढे पुढे जात राहिलं. पाणी काढल्यामुळे तिचा दम कमी झाला होता, जेवायला लागली होती, त्यामुळे घरच्यांनाही घाई वाटेना.

थंडीच्या दिवसांत दोघी तपासणीला आल्या. अक्काचा चेहरा एकदम स्वच्छ दिसत होता, मुरमं गेली होती. मी म्हटलंसुद्धा, "वा, अक्का, गोरी दिसतेस." आत मॅडमनी तिचा स्कॅन बघितला आणि मला बोलावून घेतलं. आटोक्यात आलेली गाठ परत वाढली होती. गोळी पुढे कधीतरी काम करायची थांबते, गाठ नवी वाट काढते, हे आम्हाला माहीत असतं. पण इतक्या लवकर? गोळ्या चुकवते का, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, नाही, तिची डबी दर खेपेला वेळेवर रिकामी होते, मी स्वतः बघते.

बाहेर आले तर भागी वजनकाट्यावर चढत होती. काट्यावर चढायचं म्हणून तिने अंगावरची शाल आणि डोक्यावरचा पदर काढला होता. तिच्या नाकावर आणि गालांवर मुरमं होती.

भागीला आम्ही कुठलंच औषध अजून दिलेलं नव्हतं.

मला कळायला एक क्षण लागला, मग मी ओरडले. सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. डबी वेळेवर रिकामी होत होती ती अशी: एक दिवस अक्का गोळी खायची, एक दिवस भागी. घरात आजवर जे आलं ते दोघींत वाटून खाल्लं, हेही खाल्लं. अक्काचं औषध अर्ध्यावर आलं म्हणून तिची मुरमं गेली, भागीच्या अंगाला गोळी नवी म्हणून तिला उठली.

"अगं, ही काय फणसाचे गरे आहेत वाटून खायला? तुझी अर्धी झाली म्हणून तुझी गाठ वाढली, आणि हिला तिचा काडीचा उपयोग नाही!"

अक्का बिलकूल बावरली नाही. "उपेग न्हाई कसा? दम कमी झाला तिचा. जेवाय लागली. आनी तुमीच म्हणला न्हवं, मुरमं आली म्हणजे औषध लागतंय? आली की तिला."

"दम कमी झाला तो पाणी काढल्याने!"

"पाणी तुमी काढलं, गोळी मी दिली. कशानं झालं ते तुमी कसं सांगता?"

मग अक्काच हळू आवाजात म्हणाली, "आमी उगीच न्हाई केलं, सिस्टर. देवाला प्रसाद लावला. दोघींनी खाऊ काय म्हणून विचारलं. उजवा दिला."

आमच्या भागात हे अजून आहे. गावदेवाच्या ओल्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि मनातलं विचारतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मी रागात म्हटलं, "देवाला रिपोर्ट वाचता येतो काय?"

"तुमी तरी कुठं बघता? तुकडा लांब पाठवता. तिकडनं काय येतंय त्ये सांगता. आमीबी तसंच."

मॅडम हे सगळं दारातून ऐकत होत्या. त्या रागावल्या नाहीत, हे मला आणखी विचित्र वाटलं. त्या म्हणाल्या, पहिल्या तुकड्यात गाठीच्या पेशी कमी होत्या, कधी कधी दोष असून दिसत नाही. भागीचं पाणी पुन्हा काढून पाठवू. म्हणजे अक्का म्हणत होती तेही अगदीच वेडं नव्हतं. ते दिवस माझे फार वाईट गेले. रिपोर्टात दोष निघावा असं वाटायचं, म्हणजे भागीला गोळी मिळेल. आणि निघू नये असंही वाटायचं, कारण मी इतकी ओरडले होते. दुसराही रिपोर्ट आला. काही सापडलं नाही.

आता दोघींनी आपापलं औषध घ्यायला हवं होतं. अक्काने रोज गोळी, भागीने सलाईन. फोनवर सांगितलं, भागी 'व्हय' म्हणाली आणि आली नाही. तेव्हा मी सुटीच्या दिवशी रामनगरहून जोयड्याची बस धरली आणि तिथून गुंदला गेले. दवाखान्याने पाठवलं नव्हतं. घरात बसवेना म्हणून गेले.

मला पाटावर बसवलं, कोनफळं उकडून दिली. मी पंप सांगितला, गाठ सांगितली, सगळं परत सांगितलं. अक्काचा नवरा मान हलवत होता. अक्का म्हणाली, "कळलं, सिस्टर. पर देवानं एक सांगितलंय, तुमी एक सांगताय."

"मग देवाला परत विचारा!"

"विचारलेलं परत विचारत न्हाईत."

मी हात टेकले. मला रडूच यायला लागलं, आणि ते चुलीजवळ बसलेल्या भागीने बघितलं. ती कधी न बोलणारी बाई म्हणाली, "अक्का, गोळीचं विचारलं. सलाईनचं कुठं विचारलंय आपण?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. खरंच, सलाईनचं कुणी विचारलं नव्हतं. अक्काने तिथल्या तिथे डोक्यावर पदर घेतला.

देवाचं ठिकाण घरामागच्या रानात, चढावर. अक्का मध्ये मध्ये थांबत चढली, भागीने तिचा दंड धरला होता. पुजाऱ्याने पाषाणावर पाणी घातलं, दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या आणि भागीच्या वतीने विचारलं, हिनं सलाईन घेऊ काय. पाकळ्या काही हलेनात.

मी इतकी वर्षं कॅन्सर विभागात काम केलेली बाई. गाठ, कळ, गोळी लोकांना समजावणारी. आणि त्या दुपारी हात जोडून त्या उजव्या पाकळीकडे बघत उभी होते. पड, पड बाई, पड. डावी पडली असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. डावी जराशी सुटल्यासारखीही झाली. पण ती तशीच राहिली, आणि उजवी पडली. मी मोठ्याने "पडली!" म्हणाले. पुजारी माझ्याकडे बघून हसला. खाली उतरताना मला इतका आनंद झाला होता की आपण कशाचा आनंद करतोय हे मला विचारायचंच सुचलं नाही. ते बसमध्ये सुचलं. ज्या देवाने गोळी वाटायला सांगितली म्हणून मी चिडले होते, त्याच देवाचं मी आता का ऐकत होते?

भागीने सलाईन घेतलं. केस गेले, उलट्या झाल्या, ती काही बोलली नाही. आणि तिची गाठ आकसली. मॅडमनाही एवढी आशा नव्हती. अक्का रोज गोळी खायला लागली, मुरमं परत आली, ती आणि मी, दोघीही त्यांच्याकडे आशेने बघायचो. पण गाठ थांबली नाही. नवी वाट कुठली काढली आहे ते बघायला मॅडमनी पुन्हा तुकडा पाठवला, त्यात काही कळलं नाही. सलाईन सुरू केलं, ते तिला झेपलं नाही. भाताला लोंब्या आल्या होत्या तेव्हा अक्का गेली. शेवटी ती घरीच होती आणि भागीच तिचं सगळं करत होती.

मी मॅडमना सरळ विचारलं, अर्धी गोळी झाली म्हणून का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. रोज वेळेवर गोळी घेणाऱ्यांच्या गाठीही असंच वागतात. अर्धं औषध पोचलं तर गाठीला वाट काढायला वेळ मिळतो, हेही खरं. अक्काच्या बाबतीत यातलं काय झालं, ते कुठल्याही रिपोर्टात येणार नाही.

मी निवृत्त झाले. भागी अजून तपासणीला बेळगावला जाते. परतताना रामनगरला बस बदलावी लागते, तेव्हा माझ्याकडे येते. केस परत आलेत, आधीपेक्षा दाट. पहिल्यांदा आली तेव्हा चहा हातात घेऊन तिने विचारलं.

"सिस्टर, तिच्या वाटच्या गोळ्या मी खाल्ल्या म्हणून अक्का गेली काय?"

मी सुरू केलं, गाठ कशी असते, कळ कशी असते. तिने हात वर केला.

"तेवढं नको. व्हय का न्हाई, एवढंच सांगा."

"न्हाई," मी म्हणाले.

ती चहा प्याली आणि बसला गेली. पुढच्या तपासणीनंतर आली, पुन्हा तोच प्रश्न, मी पुन्हा 'न्हाई' म्हणाले. असं चालूच राहिलं. मी खोटं बोलते आहे का हे मला कळत नाही. खरं बोलत असेन तरी ते मला कळणार नाही. ज्या कामात शेवटची सगळी वर्षं दुसऱ्यांना समजावण्यात गेली, त्यातला हा एकच प्रश्न मला रोज पडतो, आणि तो मी कुणाला विचारू शकत नाही.

परवा ती आली. रिपोर्ट चांगला आला होता. अळूच्या वड्या घेऊन आली होती. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, धाकट्या सुनेला दिवस गेलेत ते झालं. मी प्रश्नाची वाट बघत होते. तिने विचारलंच नाही. पिशवी उचलली, चपला घातल्या, अंगणात उतरली.

मला राहवलं नाही. दारातून मी हाक मारली.

"भागी, न्हाई गं. तुझ्यामुळं न्हाई."

ती वळली.

"आज मी विचारलंच न्हाई की, सिस्टर," ती म्हणाली. मग तिने चपला काढल्या, बस जाऊ दिली आणि परत येऊन माझ्याजवळ बसली.